गोठल्यावर उघडणारी वाट

अलास्का महाराष्ट्राच्या साडेपाच पट मोठा आहे आणि तिथले सगळे महामार्ग एका दमात सांगून होतात. मी राहायला आले त्या फेअरबँक्समधून एक रस्ता ईशान्येला यूकॉन नदीकाठच्या सर्कल गावापर्यंत जातो आणि तिथं संपतो. दुसरा मॅनली हॉट स्प्रिंग्जला जाऊन संपतो. त्यालाच मध्येच फुटलेला डाल्टन हायवे उत्तरेला 666 किलोमीटर धावून आर्क्टिक समुद्राजवळच्या तेलक्षेत्रात संपतो. दक्षिणेकडे जाणारे दोन मोठे रस्ते आहेत, एक अँकरेजकडे आणि एक डेल्टाकडे. बाकी नकाशावर हिरवा, तपकिरी, पांढरा रंग आणि नद्यांची नावं. जुनो ही राज्याची राजधानी, पण तिथं गाडीनं जाताच येत नाही. विमानानं जायचं, नाहीतर बोटीनं.

पुण्यात असताना मुळशी, ताम्हिणी, वेल्हे या बाजूच्या कच्च्या वाटांवर मी जीप चालवायला शिकले. सह्याद्रीत कितीही चिखल झाला तरी खाली खडक असतो. पावसाळा सरला की मुरूम आवळतो, चाकाला पकड मिळते, आणि धीर धरला तर गाडी वर चढतेच. तोच भरवसा घेऊन मी इथल्या उपग्रहचित्रांत वाटा शोधायला बसले. सापडल्याही भरपूर! जंगलाला चिरत गेलेल्या सरळ रेघा, डोंगराच्या सोंडेवरून उतरणाऱ्या नागमोडी रेघा, नदीपाशी संपून पलीकडच्या काठावर पुन्हा सुरू होणाऱ्या रेघा. शेजारी एक म्हातारे गृहस्थ राहतात. त्यांनी चाळीस वर्षं या मुलुखात शिकार केली आहे, सोन्याच्या खाणीवर काम केलं आहे. त्यांना मी त्या रेघा दाखवल्या. यातल्या चांगल्या वाटा कोणत्या, हा माझा प्रश्न होता. त्यांनी उलट विचारलं, “कुठल्या महिन्यात?”

त्या प्रश्नाचा अर्थ मला ऑगस्टमध्ये कळला. मर्फी डोम हा फेअरबँक्सच्या वायव्येचा उंच, बोडका माथा. वर हवाई दलाचं रडार आहे आणि तिथवर खडीचा चांगला रस्ता जातो. त्याच्या पलीकडे एक वाट चॅटानिका नदीच्या खोऱ्यात उतरते. आम्ही शेजाऱ्यांच्या चारचाकी एटीव्हीवर निघालो. वरच्या उतारावर वाट कोरडी होती, दोन्ही बाजूंना बर्च आणि ॲस्पेनची उंच, पांढऱ्या खोडांची झाडं. मग उतार उत्तरेकडे वळला आणि झाडं बदलली. काळपट, खुरटे, काटकुळे स्प्रूस, कोणी डावीकडे कललेले, कोणी उजवीकडे. शेजाऱ्यांनी तिथंच गाडी थांबवली आणि मागं बांधलेली लोखंडी सळई माझ्या हातात दिली.

पायाखाली घोटा बुडेल इतकं मऊ शेवाळ होतं. सळई टेकवली आणि नुसत्या हाताच्या जोरानं ती आत गेली. वीतभर, दोन वितींभर. मग टणकन आवाज आला आणि ती थांबली. दोन पावलं सरकून पुन्हा खुपसली, पुन्हा तितक्याच खोलीवर टणक. ऑगस्टचं ऊन डोक्यावर होतं, अंगावर डासांचे थवे बसत होते, आणि गुडघाभर खाली गोठलेली जमीन होती. दगड नव्हे, बर्फानं बांधलेली माती. सळई बाहेर काढली तर तिचं टोक हाताला गार लागलं.

हा पर्माफ्रॉस्ट. सलग दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ शून्याच्या खाली राहिलेली जमीन. उत्तर टोकाला ती सलग आहे आणि शेकडो मीटर खोल जाते. फेअरबँक्सभोवती ती तुकड्यातुकड्यांत आहे आणि तिचं तापमान शून्याच्या जेमतेम खाली. ती टिकली आहे ती वरच्या शेवाळामुळे. आपल्याकडे बर्फवाला लादीवर लाकडाचा भुसा पसरून वर गोणपाट टाकतो ना, तेच काम इथं शेवाळ करतं. ते खरवडलं की ऊन थेट आत शिरतं, खालचा बर्फ वितळतो, जमीन खचते, खड्ड्यात पाणी साठतं, आणि साठलेलं पाणी आणखी उष्णता धरून आणखी खोल वितळवतं. एका गाडीची चाकोरी अशा रीतीनं काही वर्षांत ओढा होऊ शकते.

म्हणून इथं वाट शोधायची तर आधी झाडं वाचायची. दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावर ऊन पडतं, तिथं बर्च आणि ॲस्पेन; खाली बहुधा बर्फ नाही, जमीन निचऱ्याची. उत्तर उतारावर आणि खोऱ्याच्या तळाशी काळा स्प्रूस. खाली बर्फ, त्यामुळे पाणी मुरायला जागाच नाही, आणि म्हणून वर दलदल. त्याही पलीकडे कापूसगवताचे उंच गड्डे असलेला प्रदेश लागतो. त्या गड्ड्यांवर पाय टाकला तर तो कलतो, मधल्या फटीत टाकला तर पाण्यात जातो. हे कळल्यावर मी साऱ्या टेकड्या नव्यानं पाहू लागले. ऑफिसला जाताना खिडकीतून नुसती झाडं दिसत, आता खालची जमीनही दिसते.

फॉक्स या जवळच्या गावी टेकडीच्या पोटात अमेरिकन सैन्याच्या अभियंत्यांनी 1960च्या दशकात एक बोगदा खणला, पर्माफ्रॉस्टचा अभ्यास करायला. विद्यापीठातल्या सहकाऱ्यांबरोबर मला तो पाहता आला. आत शिरताच एक कुबट, कुजका वास येतो. हजारो वर्षांपूर्वीची गवतं आणि मुळं तिथं हवेला लागत असतात. भिंतीतून बायसनच्या हाडांची टोकं डोकावतात. काही थर सुमारे 40 हजार वर्षांचे. बर्फाच्या प्रचंड पाचरी मातीत घुसलेल्या दिसतात, काळ्याभोर, काचेसारख्या गुळगुळीत. मी वर ज्या वाटांवर गाडी घालायला निघाले होते त्यांच्या खाली हे सगळं आहे, हे त्या बोगद्यात डोळ्यांनी पाहिलं आणि अंगावर काटा आला.

या जमिनीवर चाकाचा घाव किती खोल जातो याची इथली सर्वांत ठळक कहाणी 1968-69च्या हिवाळ्यातली आहे. आर्क्टिक समुद्राजवळच्या प्रूडो बेला तेल सापडलं होतं आणि उत्तरेला यंत्रसामग्री न्यायची घाई होती. तेव्हाचे गव्हर्नर वॉल्टर हिकल यांनी लिव्हनगूडपासून ब्रूक्स पर्वतरांगेतल्या अनाक्टूव्हक खिंडीतून उत्तरेकडे हिवाळी रस्ता काढायचा हुकूम दिला. बुलडोझरांनी बर्फासोबत शेवाळाचा थरही खरवडला. ट्रक गेले, थोडेच दिवस गेले. उन्हाळा आला आणि रस्त्याच्या जागी पाण्यानं भरलेला लांबलचक चर उरला. मी विमानातून अशा जुन्या खुणा पाहिल्या आहेत. ज्यांनी ती यंत्रं चालवली त्यांतले अनेकजण आज हयातही नसतील, पण रेघ आहे. पुढं तेलवाहिनी बांधणाऱ्यांनी यातून धडा घेतला. 800 मैलांच्या वाहिनीपैकी निम्म्याहून अधिक जमिनीच्या वर, खांबांवर उचलली आणि तिच्या आधारखांबांत 1,24,000 उष्णतावाहक नळ्या बसवल्या, गरम तेलानं खालचा बर्फ वितळू नये म्हणून. एवढ्या मोठ्या कंपन्यांना जमीन गोठलेली ठेवायला इतकं करावं लागतं, तर माझ्यासारख्या हौशी माणसानं किती जपावं!

इथं रुतलेली गाडी बाहेर काढणंही वेगळंच. सह्याद्रीत विंचचा दोर एखाद्या जांभळीला किंवा ऐनाला गुंडाळला की काम भागतं. इथल्या दलदलीत जवळचं झाड म्हणजे मनगटाएवढ्या खोडाचा काळा स्प्रूस. त्याचं वय शंभर वर्षं असू शकतं, पण मुळं बर्फाला टेकून आडवी पसरलेली. दोर ताणला की झाडच मुळासकट, शेवाळाच्या चादरीसह गाडीकडे चालत येतं. म्हणून जाणकार लोक जमिनीत रुतणारा लोखंडी नांगर सोबत बाळगतात, आणि बहुतेकदा जड जीप घरीच ठेवतात. हलकी एटीव्ही, आठ चाकांच्या पाण्यात तरंगणाऱ्या गाड्या, दुसऱ्या महायुद्धातल्या पट्ट्यांवर चालणाऱ्या जुन्या वीझल गाड्यासुद्धा इथं अजून चालत्या दिसतात.

कायद्याचं मला विशेष वाटलं. राज्याच्या मालकीच्या सर्वसाधारण जमिनीवर परवान्याशिवाय गाडी नेता येते. वजनाची मर्यादा ठरलेली, आणि अट अशी की खोल चाकोऱ्या पडता कामा नयेत, पाण्याचा निचरा बदलता कामा नये, जमीन वितळून खचता कामा नये. म्हणजे तुम्ही कुठं गेलात यापेक्षा मागं काय ठेवून आलात हे विचारणारा नियम. हा मला फार शहाणा नियम वाटतो. मात्र जमीन राज्याचीच आहे ना, हे आधी पाहावं लागतं. अलास्काची सुमारे साठ टक्के जमीन केंद्र सरकारची. 1971च्या कायद्यानं मूळनिवासींच्या कॉर्पोरेशनांना सुमारे साडेचार कोटी एकर जमीन मिळाली. ती खासगी आहे, आणि तिच्यातून फक्त ठरवून दिलेल्या पट्ट्यांवरूनच पलीकडच्या सरकारी जमिनीकडे जाता येतं. काही जुन्या वाटांचा हक्क तर 1866च्या खाणकायद्यापासून चालत आला आहे. तो कायदा 1976 मध्ये रद्द झाला, पण आधी पडलेल्या वाटांचा हक्क राहिला, आणि त्यावरून सरकारांमध्ये अजून भांडणं चालू आहेत. यूकॉन ओलांडल्यावर डाल्टन हायवेच्या दोन्ही बाजूंना पाच मैलांत एटीव्ही नेता येत नाही. सॅमन मासे चढतात त्या नद्या ओलांडायच्या तर वेगळी परवानगी. हे सगळं मी कंटाळा न करता वाचलं, आणि प्रत्येक कलमाच्या मागं एखादी खचलेली वाट दिसू लागली.

आणखी एक गोष्ट. मजेसाठी गाडी हाकणारे इथं कमी. सप्टेंबरमध्ये वाटांच्या तोंडाशी ट्रक आणि ट्रेलरांची रांग लागते ती मूस या मोठ्या हरणाच्या शिकारीसाठी. एका मूसचं मांस घराला हिवाळाभर पुरतं. कोणी सरपणाला जातं, कोणी आपल्या खाणीच्या दाव्यावर, कोणी सापळ्यांच्या वाटेवर. वाट ज्यानं पाडली त्याचं पोट तिच्यावर अवलंबून आहे, म्हणून समोरून येणाऱ्याला जागा द्यायची, आणि सापळ्याच्या वाटेवर कशालाही हात लावायचा नाही.

उन्हाळ्यात चाकांना खरी मोकळीक मिळते ती डेनाली हायवेवर. पॅक्सन ते कँटवेल, 135 मैल, 1957 साली खुला झालेला, बहुतांश खडीचा. हिमयुगातल्या हिमनद्यांच्या पोटातून वाहणाऱ्या प्रवाहांनी रेव आणि गोटे साठवत लांबच लांब बांध घातले. हिमनद्या गेल्या, बांध राहिले. रस्ता अनेक ठिकाणी त्या बांधांच्या माथ्यावरून जातो. रेव म्हणजे निचरा, निचरा म्हणजे कोरडी, घट्ट जमीन. मक्लॅरन माथा 4,086 फुटांवर आहे. तिथं उभं राहिलं की उत्तरेला अलास्का रेंजची पांढरी रांग, पायथ्याशी तळ्यांची नक्षी, आणि झाडांचा पत्ता नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी वाटा फुटतात. टँगल लेक्सच्या परिसरात नेमून दिलेली वाट सोडायची नाही, कारण तिथल्या मातीत दहा हजार वर्षांपूर्वीच्या माणसांची दगडी हत्यारं आहेत. मक्लॅरन नदीच्या कडेनं हिमनदीकडे जाणारी वाट पाण्यातून जाते. त्या पाण्याला घड्याळ असतं. सकाळी प्रवाह कमी, दुपारभर ऊन हिमनदीवर पडलं की संध्याकाळी तोच प्रवाह फुगलेला आणि पिठूळ, तळ दिसत नाही. आम्ही पहाटे पलीकडे गेलो, दुपारी परतीच्या वेळी पाणी वाढलेलं पाहिलं आणि अलीकडे न येता तंबू ठोकला. जूनची रात्र होती, म्हणजे रात्र नव्हतीच. मध्यरात्री डोंगरांवर गुलाबी ऊन होतं.

ऑक्टोबरात हा रस्ता बर्फानं बंद होतो, वसंतापर्यंत कोणी साफ करत नाही. इथून पुढं मी सगळं उलटं पाहिलं. रस्ते मिटतात आणि वाटा उघडतात. शून्याखाली चाळीसला गाड्यांच्या इंजिनांना विजेची वायर जोडून ठेवावी लागते. ऑफिसच्या आवारात प्रत्येक गाडीपुढं प्लग असतो. आणि दलदल, तळी, नद्या, म्हणजे उन्हाळ्यात जिथं माणूस पाऊल टाकू शकत नाही ते सगळं, सपाट आणि टणक होतं. स्नोमशीनवाले, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या गाड्या हाकणारे, पहिल्या बर्फावरून जाऊन तो दाबतात. सैल बर्फ ऊब धरून ठेवतो. दाबला की थंडी खाली उतरते आणि खालचं पाणी आणखी जाड गोठतं. वाट अशी बांधली जाते. शहराच्या उत्तरेला व्हाइट माउंटन्समध्ये सरकार दोनशेहून अधिक मैलांच्या हिवाळी वाटा राखतं, मुक्कामाला केबिन आहेत. धोका एकच मोठा: गोठलेल्या ओढ्यातलं पाणी दाबानं वर येऊन बर्फाखाली लपून वाहत राहतं. पांढऱ्यावर करडा डाग दिसला की थांबायचं.

मार्चमध्ये शेजाऱ्यांबरोबर पुन्हा चॅटानिकाच्या खोऱ्यात उतरले. सळई रोवली होती तिथून स्नोमशीन सरळ पुढं गेली. कुत्र्यांच्या गाड्या, जाड टायरच्या सायकली, स्लेजवर गुंडाळून बसवलेली लहान मुलं, हसणं-ओरडणं, नदीपात्रातून हमरस्त्यासारखी ये-जा. परतताना दुकानात नेनाना आइस क्लासिकची तिकिटं घेतली. टानाना नदीचा बर्फ नेमका कधी फुटणार यावर 1917 पासून लोक इथं पैज लावतात. शेजाऱ्यांनी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातली तारीख लिहिली. मी मे महिन्यातली लिहिली. त्यांनी भुवया उंचावल्या तेव्हा मी कारण सांगितलं: यंदा नदी आधी गोठली आणि हिम फार उशिरा पडलं, तिच्यावर पांघरूण नव्हतं, थंडी खोलवर गेली असणार. त्यांनी थोडा विचार केला आणि आणखी एक तिकीट मागितलं.