ऑटो राजा आणि मालगुडी

समीर,

मालिकेत काम घेतल्यापासून ग्रुपमधली मुलं तुला नाटकातून गेल्यासारखं वागवतात, हे वाचून वाईट वाटलं. त्याहून वाईट म्हणजे तुलाही ते खरं वाटायला लागलंय. पुढच्या महिन्यात शूटिंगसाठी बंगळूरला जाशील, तेव्हा तिथल्या रिक्षांकडे नीट बघ. कित्येकांच्या पाठीवर एका मिशीवाल्या तरुणाचं चित्र असतं. तो शंकर नाग. तो १९९०मध्ये गेला, तरी १९८०च्या 'ऑटो राजा'चा नायक रिक्षावाल्यांनी सोडलेला नाही.

तू त्याला 'मालगुडी डेज' मालिकेमुळे ओळखतोस. शिमोगा जिल्ह्यातल्या आगुंब्याच्या पावसात त्याने आर. के. नारायण यांचं गाव असं उभं केलं, की आमच्या पिढीला ते नकाशावर असणारच असं वाटायचं. पण त्या मालिकेतल्या स्वामीची गोष्ट सांगणारा दिग्दर्शक आणि मारामारीच्या सिनेमांतला हिरो एकच, हे कळायला मला फार वर्षं लागली.

उत्तर कन्नडमधल्या होन्नावरकडचा, कोकणी बोलणाऱ्या घरातला मुलगा. मुंबईत बँकेत नोकरी करताना मराठी नाटकाच्या नादी लागला. त्याची बायको अरुंधतीही त्याला नाटकातच भेटली. चापेकर बंधूंवरच्या '२२ जून १८९७'च्या पटकथेत त्याचा हात होता, आणि पुढे बंगळूरला स्वतःच्या 'संकेत' नाट्यसंस्थेतून त्याने आपल्या जयवंत दळवींचं 'बॅरिस्टर' कन्नडमध्ये केलं. आपल्या नाटकाने त्याला काही दिलं असेल, तर ते त्याने असं परत केलं.

१९७८मध्ये गिरीश कार्नाडांनी 'ओंदानोंदु कालदल्लि'त त्याला भाडोत्री योद्धा केलं. पहिलाच सिनेमा, आणि भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात अभिनयाचं पारितोषिक! आता तो फक्त कलात्मक सिनेमे करणार, असंच कुणालाही वाटलं असतं. त्याने मात्र येईल ते काम घेतलं. बारा वर्षांत ऐंशीच्या वर सिनेमे. त्यातले बरेचसे मला बघवत नाहीत, तुलाही बघवणार नाहीत. मारधाड, गाणी, पुन्हा मारधाड. त्यांना चांगलं म्हणायचा अट्टहास मी करणार नाही.

पण त्याच वर्षांत तो दिग्दर्शकही झाला. गाड्या चोरणाऱ्यांवरचा 'मिंचिन ओट' बघ. चोरांना त्याने खलनायकही केलं नाही आणि देवही केलं नाही. मग 'अॅक्सिडेंट' बघ. नशेतला श्रीमंत पोरगा फुटपाथवर झोपलेल्यांवर गाडी घालतो, राजकारणी बाप सगळं दाबायला बघतो, आणि शंकर स्वतः त्यामागे लागलेला पत्रकार. बापाच्या भूमिकेत त्याचा सख्खा मोठा भाऊ, अनंत नाग. या सिनेमाला सामाजिक प्रश्नांवरील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. इतकी वर्षं झाली, वर्तमानपत्र उघडलं की तो अजून जुना वाटत नाही, याचा मला रागच येतो.

ध्वनिमुद्रणासाठी कन्नड निर्मात्यांना मद्रासला पळावं लागे, म्हणून त्याने बंगळूरमध्ये स्टुडिओ काढला. असल्या गोष्टींना पैसा लागतो रे, आणि शिवाय लोकांचा विश्वासही. रिक्षावाल्यांचा 'शंकरण्णा' होणं ही काही त्याच्या खऱ्या कामात आलेली अडचण नव्हती. माझ्या मते तेही त्याचं खरंच काम होतं. ज्याच्यासाठी 'अॅक्सिडेंट' काढायचा, तो प्रेक्षक त्याने 'ऑटो राजा'त कमावला होता. तुझ्या ग्रुपमधल्या मुलांनी नेमका हाच प्रेक्षक हिशेबातून वगळलाय.

३० सप्टेंबर १९९०च्या पहाटे 'जोकुमारस्वामी'च्या शूटिंगला जाताना दावणगेरेजवळ त्याच्या गाडीला अपघात झाला. पस्तीस वर्षांचा होता. एवढी धावपळ केली नसती तर, हा विचार माझ्याही मनात येतो. पण त्याच धावपळीतून हे सगळं झालं, म्हणून तो विचार मला पुढे नेता येत नाही.

अरुंधती नाग यांनी खूप वर्षं खपून २००४मध्ये जे. पी. नगरला 'रंगशंकरा' नाट्यगृह उभं केलं. शूटिंग लवकर सुटलं की तिथे जा. नाटक कन्नड असलं तरी बस. मात्र वेळेआधी पोच. एकदा नाटक सुरू झालं की ते कुणालाही आत सोडत नाहीत. आणि जे बघशील ते मला सविस्तर लिही.

तुझी,
आत्या