दारफाळणीच्या आधीचे प्रश्न

एलूल महिना लागला की सेलीहोत सुरू होतात आणि आपण हिशेबाला बसतो. आपल्या आजी-पणजींच्या तोंडी योम किप्पूर हा शब्द क्वचितच असे. त्या 'दारफाळणीचा सण' म्हणत. दारे लावायची, पांढरे कपडे घालायचे, बाहेरच्यांशी संबंध ठेवायचा नाही. पण मिश्नाच्या योमा भागात स्पष्ट म्हटले आहे की, माणसाने माणसाविरुद्ध केलेला अपराध त्याची समजूत घातल्याखेरीज किप्पूरनेही सुटत नाही. म्हणजे दार लावण्यापूर्वी शेजारच्या दाराशी जाऊन यायला हवे.

आणि जाऊन विचारायचे काय? मी नोकरीत असताना नवशिक्या नर्सेस रोग्याला विचारत, "दुखतं का?" आपली वृद्ध मंडळी कण्हत असली तरी म्हणणार, "नाही गं बाई, बरं आहे." दुसऱ्याला त्रास नको, ही आपली कोकणी रीत. त्याऐवजी "काकी, रात्री किती वेळा उठलात?" असे विचारले की खरे काय ते बाहेर येते. स्वतःच्या बाबतीतही तसेच. "मी चांगली आहे का?" याला मन लगेच 'हो' म्हणते. "या वर्षी मी कोणाच्या घरचा चहा टाळला, आणि का?" असे विचारून पाहा. जीभ अडखळते.

वाचकहो, आपल्याला विचारलेले प्रश्न आपण विसरलेलो नाही. १९६२ साली रब्बानूतने सूचना काढली की, बेने इस्राएलांचे इतर यहुद्यांशी लग्न लावण्याआधी आई-आजीच्या वंशाची चौकशी करावी. आपल्या लोकांनी येरुशलेममध्ये ठिय्या दिला, १९६४ च्या ऑगस्टमध्ये क्नेसेटला लक्ष घालावे लागले, तेव्हा कुठे आपले नाव त्या सूचनेतून निघाले. ही हकिगत आपण मुलांना अभिमानाने सांगतो, सांगावीच.

पण तीच चौकशी आपण गावी आपल्याच माणसांची करत होतो, हे किती घरांत सांगितले जाते? गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल! केहिमकरांनी १८९७ मध्ये लिहिलेल्या आपल्या इतिहासात हा भेद नोंदलेला आहे. एकाच देवाचे नाव घेणारे, एकच शब्बाथ पाळणारे. पण मुलगी द्यायची नाही, एका ताटात जेवायचे नाही. तेव्हा आपल्याकडे कोणी ठिय्या दिला होता?

मग इथिओपियाचे बांधव आले, १९८४-८५ मध्ये, पुन्हा १९९१ मध्ये. त्यांनी दिलेले रक्त गुपचूप फेकून दिले जात होते, हे १९९६ साली उघडकीस आले. आयुष्यभर रक्ताच्या पिशव्या हाताळणाऱ्या मला ती बातमी वाचून सुन्न व्हायला झाले. पिशवीवर गट लिहिलेला असतो, वंश नव्हे. आपल्यातले काही तेव्हा फार हळहळले. काही मात्र म्हणाले, "ते वेगळे, आपण वेगळे."

म्हणून या एलूलमध्ये एकच गोष्ट तपासून पाहा. नातवाने घरी येऊन लग्नाचे बोलणे काढले, की तुमच्या तोंडून आधी काय निघते, "मुलगी काय करते?" की "कुठली?"