जुना ईसीजी आणि माझ्या घरातली पेटी



या ब्लॉगवर तुम्ही रक्तदाब, मधुमेह, थायरॉईड यांबद्दल वाचायला येता. आज मात्र मी माझ्या घरातल्या एका पेटीबद्दल लिहितोय. घरातली सगळी माहिती साठवणारा छोटा सर्व्हर मी नुकताच मोठ्या, मोकळ्या खोक्यात बसवला. त्याचा संबंध तुमच्या कपाटातल्या फायलीशी आहे.

जुन्या कागदाची किंमत

छातीत दुखतंय म्हणून रुग्ण येतो. ईसीजीत ‘लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक’ दिसतो, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूला वीज पोचवणाऱ्या वाटेत अडथळा. हा अडथळा आजचा की पाच वर्षांपूर्वीचा? नुसत्या आजच्या कागदावरून ते सांगता येत नाही. जुना ईसीजी शेजारी ठेवला की उलगडा होतो. क्रिएटिनिनचंही तसंच. आज १.६ आहे. तीन वर्षांपूर्वीही १.६ असेल तर विचार एक, आणि ०.९ असेल तर पूर्ण वेगळा.

पण ईसीजीचा कागद बहुधा थर्मल असतो. उन्हाने, उष्णतेने, प्लॅस्टिकच्या पाकिटातही त्यावरच्या रेघा पुसट होतात. टिकावा म्हणून कुणी लॅमिनेट केला, तर त्या उष्णतेने तो काळा पडतो. डॉक्टरांकडे तरी किती काळ राहणार? भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णांच्या नोंदी तीन वर्षं जपायच्या असतात. त्यानंतरची फाईल तुम्हीच सांभाळायची.

पेटी म्हणजे काय?

तिला ‘नॅस’ म्हणतात. पडदा नाही, कीबोर्ड नाही. रात्रंदिवस चालू राहणारा साधा संगणक आणि त्यात काही हार्ड डिस्क. घरातला कुणीही वायफायवरून त्यात फाईल ठेवतो, काढतो. माझ्या पेटीत सुरुवातीला दोन डिस्क होत्या, त्यामुळे पोळ्यांच्या डब्याएवढं खोकं पुरायचं. मग घरातल्या मोठ्यांचे वीस वर्षांचे रिपोर्ट स्कॅन झाले, लग्नांचे व्हिडिओ आले, आणि डिस्क चार झाल्या. एकीला एक चिकटलेल्या. एप्रिलमध्ये त्यांचं तापमान ५२ अंशांवर जाऊ लागलं, आणि चार सेंटीमीटरचा इवलासा पंखा रात्रभर किरकिरू लागला. भिंतीपलीकडे आई झोपते. झोपेच्या खोलीत रात्रीचा सरासरी आवाज ३० डेसिबलच्या आत असावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. वयस्कर माणसाची झोप आधीच हलकी. तिला ही किरकिर नको.

मोठं खोकं शांत का?

गच्च भरलेल्या एसटीत पंखा कितीही जोरात फिरवा, मधल्या माणसाला वारा लागत नाही. डिस्कचं तेच झालं होतं. हवा जायला वाट हवी. बारा सेंटीमीटरचा पंखा चार सेंटीमीटरच्या पंख्यापेक्षा सुमारे नऊपट क्षेत्रफळ व्यापतो, म्हणून तेवढीच हवा तो हळू फिरून ढकलतो. पंख्याचा वेग निम्मा केला, तर आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो.

काम एका संध्याकाळचं. आधी सगळ्या माहितीची वेगळ्या डिस्कवर प्रत काढली. जुन्या खोक्यातून काढण्याआधी प्रत्येक डिस्कवर क्रमांक चिकटवला. दोन डिस्कमध्ये बोटभर जागा सोडली. त्या बसवायची पत्र्याची पट्टी उद्यमनगरातून भोकं पाडून आणली होती. डिस्कची थरथर पत्र्यात उतरून तो गुणगुणू नये म्हणून स्क्रूखाली रबरी वॉशर घातले. पुढून हवा आत, मागून बाहेर, आणि पुढे धुळीसाठी धुता येणारी जाळी. आता डिस्क ४० अंशांच्या आसपास असतात, आणि रात्री त्या खोलीत भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येते.

चार डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे

एक डिस्क बिघडली तर दुसरीवर तीच माहिती असते, हे खरं. पण चुकून फाईल पुसली, तर ती दोन्हींवरून जाते. व्हायरस आला, चोरी झाली, पाणी शिरलं, तरी तेच. पाण्याबद्दल कोल्हापूरकरांना मी वेगळं काय सांगणार? राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये ती ५० फुटांच्या पार गेली. दोन्ही पुरांनंतर ओल्या, एकमेकांना चिकटलेल्या फायली घेऊन माणसं माझ्यासमोर बसली होती. औषधं पुन्हा लिहून देता आली. दहा वर्षांपूर्वीचा ईसीजी पुन्हा काढता येत नाही.

म्हणून नियम असा: तीन प्रती, दोन प्रकारच्या साठवणीत, आणि त्यातली एक घराबाहेर. माझी तिसरी प्रत दुसऱ्या गावी नातेवाइकांकडे असते, पासवर्डने कुलूपबंद.

तुम्ही काय कराल?

सर्व्हर बांधायची गरज नाही. एवढं पुरे:

• ईसीजी काढल्या दिवशीच त्याचा उजेडात, सरळ वरून फोटो घ्या. झेरॉक्सही काढा, ती टिकते.
• फाईलच्या नावात आधी तारीख घाला: ‘२०२४-०३-१५ आई ईसीजी’. क्रम आपोआप लागतो.
• फोटो मोबाईलशिवाय आणखी एका ठिकाणी ठेवा. मोबाईल हरवतो.
• आभा हा १४ अंकी आरोग्य क्रमांक काढून ठेवा. त्या यंत्रणेला जोडलेल्या दवाखान्यांचे आणि लॅबचे रिपोर्ट तुमच्या संमतीने एकत्र दिसतात.
• चालू औषधं, ॲलर्जी आणि झालेली ऑपरेशनं एका कागदावर लिहून पाकिटात ठेवा.
• रिपोर्ट कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. ती तुमची खासगी बाब आहे.

आणि एक महत्त्वाचं. छातीत दुखत असेल, तर कागद शोधत बसू नका. आधी दवाखाना गाठा. फाईल घरचं कुणीतरी मागून आणेल.

हा लेख वाचून झाल्यावर कपाटातली फाईल काढा आणि त्यातला सगळ्यात जुना ईसीजी शोधा. रेघा अजून दिसत असतील, तर लगेच फोटो काढा.