प्रीतिसंगमाचे अंगण

महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात पाच नद्यांचा उगम मानला जातो. त्यांपैकी सावित्री आणि गायत्री कोकणाकडे उतरतात. कृष्णा, वेण्णा आणि कोयना देशाची वाट धरतात. वेण्णा साताऱ्याजवळ संगम माहुलीला कृष्णेच्या स्वाधीन होते. कोयना मात्र सह्याद्रीच्या कुशीतून दक्षिणेकडे दूरवर जाते, हेळवाकपाशी पूर्वेस वळते आणि कऱ्हाडला येऊन पोहोचते. तोवर कृष्णाही वाई आणि साताऱ्याचा परिसर ओलांडून तेथे आलेली असते. बहुतेक संगमांवर एक नदी दुसरीला बाजूने येऊन मिळते. कऱ्हाडला या दोघी समोरासमोर येतात आणि मग एकत्र होऊन पूर्वेकडे सांगलीच्या दिशेने निघतात. एका डोंगरावर जन्मलेल्या, लहानपणीच दुरावलेल्या बहिणींनी वाटेत गळाभेट घ्यावी, असे हे दृश्य आहे. लोकांनी त्याला ‘प्रीतिसंगम’ म्हटले, त्याचे कारण येथे उभे राहिल्यावर वेगळे सांगावे लागत नाही.

या संगमाच्या काठावर कृष्णामाईचे देऊळ आहे, दगडी घाट आहे आणि घाटाला लागून कऱ्हाडकरांची बाग आहे. हिरवळ, जुनी झाडे, फिरण्याच्या वाटा, मुलांची खेळणी. लहान शहराच्या बागेत असते तेवढेच येथे आहे. तरीही सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत सार्वजनिक जीवनाशी इतकी एकरूप झालेली दुसरी बाग सांगणे कठीण जाईल. वर्षभराचे सण, यात्रा, स्मृतिदिन आणि विसर्जने या एका अंगणात येतात आणि जातात.

कऱ्हाड हे फार जुन्या काळापासून बाजारपेठेचे गाव. प्राचीन शिलालेखांत त्याचे नाव ‘करहाकड’ असे येते. रायगड जिल्ह्यातील कुडा येथील लेण्यांत, इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील एका लेखात, करहाकडच्या एका लोखंडाच्या व्यापाऱ्याने लेणे दान दिल्याची नोंद आहे. सह्याद्रीपलीकडे जाऊन या गावच्या व्यापाऱ्याने सर्वांसाठी जागा कोरून दिली, ही गोष्ट व्यापारी घरांनी आवर्जून लक्षात ठेवावी अशी आहे. पेठेत मिळवलेल्या धनाचा काही भाग लोकांच्या बसण्या-उठण्याच्या जागेसाठी द्यावा, ही रीत या गावाच्या इतिहासात इतकी मागे जाते.

बागेच्या मधोमध लोकांची पावले आपोआप वळतात ती यशवंतराव चव्हाणांच्या समाधीकडे. १२ मार्च १९१३ रोजी आताच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथे जन्मलेले यशवंतराव कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकले. १ मे १९६० रोजी स्थापन झालेल्या महाराष्ट्राचे ते पहिले मुख्यमंत्री. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले आणि अखेरचा निरोप त्यांना या संगमावर देण्यात आला. आपल्या आत्मचरित्राला त्यांनी ‘कृष्णाकाठ’ हे नाव दिले होते.

दरवर्षी २५ नोव्हेंबरला येथे भजने होतात, समाधीवर फुले वाहिली जातात आणि निरनिराळ्या पक्षांचे नेते एकाच वाटेने पुढे येऊन नमस्कार करतात. वर्तमानपत्रांतून परस्परांवर टीका करणारी माणसेही त्या सकाळी येथे नम्र होतात. या गावाने असा प्रसंग याहून कठीण काळीही पाहिला आहे. १९७५ साली, देशात आणीबाणी असताना, कऱ्हाडला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्षपदी दुर्गाबाई भागवत होत्या आणि स्वागताध्यक्ष होते केंद्रातील परराष्ट्रमंत्री यशवंतराव. दुर्गाबाईंनी आणीबाणीविरुद्धचे आपले मत तेथे झाकून ठेवले नाही. ज्या सरकारवर टीका होत होती त्याच सरकारातील मंत्री त्यांचा यजमान होता. मतभेद असताना आतिथ्य सांभाळणे हा सार्वजनिक जागेचा पहिला धर्म असेल, तर कऱ्हाडने तो तेव्हा पाळला.

येथील वर्ष तिथींनी मोजावे. चैत्रात कृष्णामाईची यात्रा भरते, घाट माणसांनी फुलतो. त्याच महिन्यात शुद्ध त्रयोदशीला भगवान महावीरांचे जन्मकल्याणक येते आणि साताऱ्यापासून सांगलीपर्यंतच्या पेठांतून मिरवणुका निघतात. वैशाखाच्या उकाड्यात संध्याकाळी आजी-आजोबा, सुना, नातवंडे असे अख्खे घर बागेत उतरते. भाद्रपदात गणरायाला निरोप देण्यासाठी मंडळे आणि घरोघरची कुटुंबे घाटावर येतात. आश्विनात नवरात्र, मग दिवाळी, त्रिपुरी पौर्णिमेचे दिवे आणि त्यामागोमाग नोव्हेंबरचा स्मृतिदिन. कोणी श्रद्धेने येतो, कोणी स्मरणासाठी, कोणी केवळ वाऱ्याला. बाग कोणाचीही चौकशी करीत नाही.

आषाढ-श्रावणाचे दिवस मात्र नदीचे. साधुसाध्वी चातुर्मासासाठी एका ठिकाणी स्थिरावतात त्याच दिवसांत कृष्णा-कोयना आपली जागा सोडून बाहेर पडतात. कोयना धरणाची साठवण क्षमता सुमारे १०५ टीएमसी. जलाशय भरत आला की दरवाजे उघडावे लागतात आणि ते पाणी कऱ्हाडच्या दारातून जाते. घाटाच्या पायऱ्या एकामागून एक दिसेनाशा होतात. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांच्या महापुरांनी कृष्णाकाठच्या गावांना जे दाखवले ते येथील कोणीही विसरलेले नाही. पूर ओसरतो, गाळ मागे राहतो. तो काढून हिरवळ पुन्हा धरावी लागते. काठावरची जागा माणसाला वापरायला मिळते, मालकी नदीकडेच राहते, हे येथे दर पावसाळ्यात नव्याने कळते.

व्यापारी घरांना ‘ठेव’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. दुसऱ्याची ठेव जशी घेतली तशी परत करावयाची असते. त्यात तूट आली तर पेढीची पत जाते. प्रीतिसंगमावर सण साजरा करणारा प्रत्येक जण एका दिवसापुरती अशी ठेव घेत असतो. ती परत कशी केली जाते, हे सणाच्या रात्री दिसत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे दिसते. पत्रावळी, प्लास्टिकचे पेले, हारांचे दोरे आणि पाण्यावर तरंगणारे निर्माल्य यांचा हिशेब तेव्हा उघडा पडतो.

हा हिशेब कऱ्हाडपुरता राहत नाही. संगमानंतर कृष्णा भिलवडी, औदुंबर या गावांवरून सांगलीला जाते आणि सांगलीकर तिचेच पाणी पितात. कुजणारी फुले पाण्यातील प्राणवायू शोषून घेतात, त्याने मासे आणि अगणित सूक्ष्म जीव गुदमरतात. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती विरघळत नाही, तळाशी तशीच पडून राहते. गाळल्याशिवाय पाणी न पिण्याचा संस्कार ज्या घरांत आहे, त्या घरांनी पाण्यात काही सोडतानाही तीच जयणा बाळगावी, हे ओघाने आले. ज्यांचे दुकान कऱ्हाडला आणि लेक सांगलीला, अशी कुटुंबे या परिसरात कमी नाहीत. वरच्या घाटावर टाकलेले खालच्या घाटावर आपल्याच माणसांच्या घागरीत जाते.

सुदैवाने कऱ्हाडने हे ओळखले आहे. निर्माल्य वेगळे गोळा करणे, मूर्तींसाठी कृत्रिम कुंडांची सोय करणे हे आता येथे विसर्जनाचे अंग झाले आहे. २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ५४ हजार वस्तीचे हे शहर २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाहून कमी लोकसंख्येच्या शहरांत देशात पहिले आले. असा क्रमांक अर्थातच कायमचा नसतो. प्रत्येक सणानंतरच्या पहाटे तो पुन्हा मिळवावा लागतो. नगरपालिकेचे सफाई कामगार ते काम करतात, पण सारा भार त्यांच्यावरच टाकणे न्यायाचे नाही.

येथे पेठांनी एक साधी रीत पाडता येण्यासारखी आहे. उत्सवाची वर्गणी मागायला मंडळ येते तेव्हा मंडप, रोषणाई आणि वाद्ये यांचा खर्च सांगितला जातो. वर्गणी देणाऱ्याने सफाईचा खर्च किती धरला आहे, एवढेच विचारावे आणि त्या बाबीसाठी वेगळी रक्कम लिहावी. देणगीदाराने विचारलेला प्रश्न पुढच्या वर्षी मंडळाच्या अंदाजपत्रकात आपोआप उतरतो. लेणे कोरून देणाऱ्या लोखंडाच्या व्यापाऱ्याच्या दानाइतके हे दान दिसणार नाही, पण त्याचा उपयोग तितक्याच लोकांना होईल.

पुणे-बंगळूर महामार्गाने साताऱ्याहून कोल्हापूर-सांगलीकडे जाणाऱ्या कुटुंबांनी कऱ्हाडला दोन-तीन तास अवश्य काढावेत. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतची संध्याकाळ सर्वांत चांगली; पावसाळ्यात पाणी चढलेले असताना घाटावर उतरू नये. जवळच पंताच्या कोटातील ‘नकट्या रावळ्याची विहीर’ ही प्रशस्त पायऱ्यांची जुनी विहीर आहे, गावात मशिदीचे उंच मनोरे आहेत आणि नदीपलीकडे आगाशिवच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. पुढे सांगली जिल्ह्यातील कुंडल हे पार्श्वनाथांचे क्षेत्र त्याच प्रवासात जोडता येते. सूर्य सह्याद्रीकडे कलला की समोरासमोर आलेल्या दोन्ही प्रवाहांवर एकच सोनेरी रंग चढतो आणि कृष्णा कोणती, कोयना कोणती, हे काठावरच्या मुलांना बोट दाखवून सांगावे लागते. शिदोरी बरोबर असेल तर रिकामी पिशवी घरी परत न्यावी.