मातीतल्या बुधल्या

चिखलणीच्या दिवसांत आजी संध्याकाळी करंजेलाची बुधली घेऊन ओसरीवर बसायची. मेढ्याला, वेण्णाकाठच्या आमच्या खाचरात दिवसभर राबून आलेल्यांच्या भेगाळल्या टाचांना ती तेल चोळायची. तेल बीत भरतं, एवढंच तेव्हा ठाऊक. ज्या चिखलात पाय रुतायचे, त्यातही कुणी तेल साठवून बसलेलं असेल हे सूक्ष्मजीवशास्त्र शिकायला गेल्यावर कळलं.

लिपोमायसिस स्टार्केई हे मातीत राहणारं यीस्ट. मातीतल्या अशा यीस्टच्या तेलावर रॉबर्ट स्टार्की यांनी १९४६ मध्ये लिहिलं. त्यांचंच नाव त्याला मिळालं. साखर मुबलक, पण नायट्रोजन संपलेला, अशी वेळ आली की त्याची वाढ अडते. नव्या पेशीला प्रथिनं लागतात, आणि ती नायट्रोजनावाचून होत नाहीत. मग हाताशी असलेल्या साखरेचं ते तेल करून पोटात ठेवतं. कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांहून जास्त तेल साठवणारे सूक्ष्मजीव तेलधारी मानले जातात; याच्यात ते ६० टक्क्यांच्याही वर जातं. शेंगदाण्यात तेल जेमतेम निम्मं!

त्याला शोधायला मोठं काही लागत नाही. चमचाभर माती निर्जंतुक पाण्यात कालवायची, पुन्हा पुन्हा विरळ करायची आणि साखर जास्त, नायट्रोजन कमी अशा आगरावर पसरायची. उगवलेल्यातला कण काचेवर घेऊन सुदान ब्लॅकने आणि मग सॅफ्रानिनने रंगवला, की गुलाबी पेशीत निळेकाळे थेंब दिसतात. मी ते प्रथम पाहिले तेव्हा आजीची बुधलीच आठवली. सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढवेना.

या तेलावर गाड्या चालवायची चर्चा बरीच होते. मला ती आज तरी पटत नाही. यीस्टला घालायची साखरच महाग पडते. मॉर्टिएरेला अल्पिना या मातीतल्या बुरशीचं तेल मात्र तान्ह्या बाळांच्या डब्याच्या दुधात घालतात, त्यातल्या अ‍ॅराकिडोनिक आम्लासाठी. शोध घ्यायचा तो असल्या मोलाच्या तेलांचा.

असं काही सापडलं तर ते ठेवायला उपयोगी सूक्ष्मजीव जपणारा राष्ट्रीय संग्रह पुण्यातच, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आहे. म्हणून आमच्या जावळीच्या कॉलेजांतल्या शिक्षकांना माझी विनंती आहे: यंदा मुलांना खाचरातली, रानातली, राब भाजण्याआधीची आणि नंतरची माती आणायला सांगा. आणि पिशवीवर शेताचं नाव, तारीख लिहायला विसरू देऊ नका.