खारे पाणी

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस, एका संध्याकाळी, अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षातला आमच्या धर्मग्रामातील एक तरुण माझ्याकडे आला. चेहरा उतरलेला होता. “फादर, रसायनशास्त्रात केटी लागली. मला संगणक शिकायचा आहे. पाण्याचा खारेपणा आणि लोखंडाचा गंज घेऊन मी काय करू? तुम्ही प्रार्थना करा.” प्रार्थनेचे आश्वासन मी दिले, आणि का कोण जाणे, त्याची वही वाचायला मागून घेतली.

सेमिनरीत आम्ही ॲरिस्टॉटल शिकलो. द्रव्य आणि रूप यांविषयी पानेच्या पाने लिहिली. ते द्रव्य हातात घेऊन मात्र कधी पाहिले नाही. वहीत पाण्याची दुष्फेनता, बहुवारिके, वंगणे, सिमेंट, क्षरण अशी प्रकरणे होती. व्याख्या, समीकरणे, ‘फरक स्पष्ट करा’. ठिकठिकाणी लाल शाईत ‘महत्त्वाचे’ असे लिहिले होते. ते का महत्त्वाचे, हे कुठेच नव्हते. ॲनोड, कॅथोड, आयन हे शब्द पाहून एक जुने वाचन आठवले. १८३४ साली मायकेल फॅरडे यांना हे शब्द सुचविले ते केंब्रिजच्या विल्यम ह्यूएल यांनी, आणि ते स्वतः दीक्षित धर्मोपदेशक होते. म्हणजे या वहीत आमच्यापैकी कुणीतरी आधीच येऊन गेले होते!

क्षरणाच्या प्रकरणापाशी मात्र माझे हसू मावळले.

काँक्रीटमधील सळई सहसा गंजत नाही, कारण सिमेंट पाण्याशी संयोग पावते तेव्हा कॅल्शियम हायड्रॉक्साइड तयार होते. त्यामुळे आतला ओलावा तीव्र अल्कधर्मी राहतो. त्याचा सामू बारा-तेराच्या घरात असतो. अशा परिसरात लोखंडावर ऑक्साइडचा एक अतिशय पातळ पापुद्रा धरतो आणि तोच त्याचे रक्षण करतो. मिठातील क्लोराइड हा पापुद्रा एखाद्या बिंदूवर भेदते. तेथे लोखंड इलेक्ट्रॉन सोडून विरघळू लागते. शेजारी प्राणवायू आणि पाणी ते इलेक्ट्रॉन स्वीकारतात. एकाच सळईवर विजेचा एक छोटा घट सुरू होतो. क्लोराइड या व्यवहारात खर्चही होत नाही. एक बिंदू पोखरून झाला की ते पुढच्या कामाला मोकळे. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा लागते, म्हणून काँक्रीट आतून फुटते. वरून गिलावा करून काही साधत नाही.

हे वाचताना मला माझ्या पूर्वीच्या एका धर्मग्रामातील सभागृह दिसत होते.

२००३ साली तेथे बांधकामाची देखरेख माझ्याकडे होती. पैसे कमी, उत्साह अमाप. खाडीची रेती स्वस्त पडली. पाणी आवारातल्या विहिरीचे. मे महिन्यात ते खारट होई. मी स्वतः ओंजळभर पिऊन थुंकलो होतो, आणि तरीही, पिण्यासाठी थोडेच आहे, असे म्हणून स्लॅब टाकू दिला. वाचवलेल्या रकमेबद्दल माझे कौतुकही झाले. २०१९ साली एका शनिवारी रात्री ओसरीच्या छताचा मोठा तुकडा खाली आला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच जागी मुले धर्मशिक्षणाला बसणार होती. ‘देवाने राखले’ असे सर्वजण म्हणाले. मीही म्हणालो. हवा खारी आहे, दर्जाहीन सिमेंट मिळाले असेल, असेही म्हणालो. ती ओंजळ मात्र कुणालाही सांगितली नाही.

वही परत करताना मी त्या तरुणाला सारे सांगितले. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “फादर, यातले एक अंतिम परीक्षेत विचारले होते. मी सोडून दिले.”

आमच्या सध्याच्या आवारात बालवाडीसाठी दोन खोल्या बांधायच्या होत्या. विहिरीचे पाणी तपासू का, असे त्यानेच विचारले. मी समजत होतो की सिल्व्हर नायट्रेटचे चार थेंब टाकायचे, पांढरा साका दिसला की झाले. तो म्हणाला, “पांढुरके तर साधे नळाचे पाणीही होते, फादर. किती, ते मोजावे लागते.” २००० साली सुधारलेल्या भारतीय मानक ४५६ नुसार सळईच्या काँक्रीटसाठी वापरायच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक क्लोराइड चालत नाही. माझे सभागृह उभे राहिले तेव्हा हा आकडा तीन वर्षांचा झाला होता. मी कुणाला विचारले नव्हते.

मे महिन्यात त्याने बाटली भरून महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत नेली. पोटॅशियम क्रोमेटने पिवळे झालेले पाणी सिल्व्हर नायट्रेटच्या थेंबाथेंबाने विटकरी छटेपर्यंत आणायचे आणि किती द्रावण लागले ते वाचायचे, अशी ती रीत. तीन वेळा केले, असे त्याने सांगितले. कागदावरचा आकडा मर्यादेच्या दुपटीहून अधिक होता. खाली त्याने खोडून पुन्हा बेरीज केली होती.

तो कागद मी मिस्त्रींच्या हाती दिला. “टँकर मागवायचे तर खर्च वाढेल, फादर,” ते म्हणाले, “आणि इथे सगळे विहिरीवरच बांधतात.” मी म्हणालो, “एक बांधकाम मीही तसेच केले आहे. बसा, सांगतो.”