सुकाणूची पेटी

रेवदंड्यास आमच्या भगिनीच्या घरी अठरा फूट लांबीची एक फायबरची होडी आहे. तिचे यंत्र पाठीमागे. त्याचा दांडा धरून मागे बसावे, तर वेग घेताच नाळ वर उचलते व पुढचे काही दिसत नाही. सबब मध्यभागी उभे राहून चाकाने होडी वळविता यावी अशी पेटी, जिला कन्सोल म्हणतात, ती घरीच करावी असे मागील उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही व नववीत शिकणारा आमचा भाचा यांनी ठरविले.

प्रथम जुन्या खोक्यांच्या पुठ्ठ्याची त्याच मापाची पेटी करून होडीत उभी केली. हा उद्योग पोरकट वाटेल; पण चाक चार बोटे उंच बसते व काठाने जावयास वाट उरत नाही, हे लाकडास करवत लागण्यापूर्वीच कळले. मग मरीन प्लाय आणिले. (त्यावर आय.एस. 710 हा शिक्का पाहून घ्यावा. दुकानदार भलतेच पुढे करितो.) प्लायच्या कडा पाणी शोषितात, म्हणून प्रत्येक कडेस आणि छिद्रांच्या आतही इपॉक्सीचे तीन हात दिले. होकायंत्र चाकासमोर, त्याची मध्यरेषा होडीच्या कण्याशी समांतर धरून बसविले. भाच्यास गाण्यांची हौस. त्याच्याकरिता होकायंत्राच्या खाली, पेटीच्या आतून, एक ध्वनिक्षेपकही आम्हीच बसवून दिला. खरे सांगावयाचे तर आम्हांस थोडा गर्व झाला होता.

पावसाळा सरल्यावर होडी पाण्यात गेली. किनारा डोळ्यांसमोर असे, तोवर होकायंत्राकडे कोणी पाहिलेच नाही. पुढे नाताळच्या सुटीत एके पहाटे नागावच्या समोरून परतत असता दाट धुके उतरले. जी.पी.एस. घेण्याचे आम्ही काटकसरीपायी लांबणीवर टाकिले होते. आम्ही भाच्यास होकायंत्रावर दक्षिण धरावयास सांगितले. थोड्या वेळाने तो म्हणाला, “मामा, मघाशी लाट उजव्या कुशीस लागत होती, आता पाठीमागून लागते आहे.”

“लाटेकडे काय पाहतोस? यंत्र खोटे बोलत नाही. तुझाच हात स्थिर नाही.”

तो काही बोलला नाही. दहा मिनिटांनी समोरच लाटा फुटल्याचा आवाज आला. यंत्र उलटे फिरवून होडी थांबविली, तो धुक्यातून सुरूची झाडे दिसली. खाली पाणी जेमतेम कमरेइतके होते.

घरी येऊन ध्वनिक्षेपक काढताच होकायंत्राची तबकडी 25 अंश फिरली. दोन मैलांच्या वाटेत इतकी चूक म्हणजे पाऊण मैलाहून अधिक अंतर! आपल्या या किनाऱ्यावर खरी उत्तर व चुंबकीय उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही; तेव्हा दोष सर्वस्वी आमच्या पेटीचा. ध्वनिक्षेपकात कायमचा लोहचुंबक असतो. गाणे बंद केले तरी त्याची ओढ बंद होत नाही. होडीचे तोंड फिरेल तशी ती चूकही बदलते, त्यामुळे ठराविक अंश वजा करूनही भागत नाही. हे सर्व आम्ही वर्गात वर्षानुवर्षे शिकवीत आलो आहो.

जेवणाच्या वेळी भगिनीच्या देखत आम्ही भाच्याजवळ चूक कबूल केली. तो मान खाली घालून भात कालवीत राहिला.

मग ध्वनिक्षेपक दूर नाळेकडे नेला. होकायंत्राच्या दिव्याच्या दोन्ही तारा एकमेकींस पिळून घेतल्या, म्हणजे एकीचे चुंबकत्व दुसरीने मारिले जाते. नंतर एका स्वच्छ दिवशी, कोर्लईचा दीपस्तंभ समोर धरून, होकायंत्र नकाशाशी ताडून पाहावयास निघालो. चाक आमच्या हाती होते व अंश भाचा वाचीत होता.

“मामा,” तो म्हणाला, “हात स्थिर धरा.”